बारा अक्षरांचा सातबारा

आमच्या कचेरीत एक एक्सेल शीट आहे. आधी तिचं नाव 'मॅक लिस्ट' होतं, मग 'मॅक लिस्ट फायनल' झालं, मग 'फायनल २', आणि सध्या गादीवर आहे ती 'फायनल नवीन ऑडिटसाठी'. चार रकाने: अनुक्रमांक, मॅक अ‍ॅड्रेस, संगणकाचं नाव, वापरणाऱ्याचं नाव. अकरा वर्षं ही शीट मी सांभाळतोय, तिच्या प्रत्येक प्रिंटवर माझी सही आहे, आणि तरी सांगतो की ती खोटी आहे. एखादी ओळ चुकली म्हणून नव्हे. ज्या दिवशी ती पूर्ण बिनचूक होती त्या दिवशीही ती खोटीच होती. जे सांगायचा तिला अधिकार नाही तेच ती छातीठोकपणे सांगत होती.

तिच्यापायी एका बाईंना मेमो मिळाला.

झालं असं. एका सोमवारी सकाळी इंटरनेट पुरवणाऱ्याचा निरोप आला की तुमच्याकडून शनिवार-रविवार बाहेर कचरा मेल जातोय, आवरा. फायरवॉलच्या नोंदीत आयपी सापडला. आयपीवरून मॅक सापडला. मॅक शीटमध्ये शोधला तर ओळ निघाली आवक-जावकच्या दुसऱ्या संगणकाची, आणि वापरणाऱ्याच्या रकान्यात नाव तिथल्या बाईंचं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आयुष्यात एक लेट मार्क नाही. साहेबांनी शीटचं प्रिंट मागवलं, त्या ओळीभोवती लाल शाईनं गोल काढला आणि चोवीस तासांत खुलासा सादर करा म्हणून कागद दिला. बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, ते मॅक का काय म्हणतात ते मी कधी केलंच नाही हो. मी आपलं टपाल चढवते."

मला तेव्हाच उठायला हवं होतं. उठलो नाही. शीट म्हणतेय ना, मग असेल, असं मीच साहेबांसमोर बोललो होतो.

तीन दिवसांनी पुन्हा कचरा सुरू झाला तेव्हा शेवटी रॅकपाशी गेलो. स्विचला विचारलं की हा मॅक आत्ता तुझ्या कुठल्या पोर्टवर दिसतोय. पोर्टवरून पॅच पॅनेल, पॅनेलवरून केबल, आणि केबल धरून चालत गेलो तर पोचलो लेखा शाखेत. आवक-जावक खालच्या मजल्यावर, लेखा वरच्या. दोन महिन्यांपूर्वी एएमसीचा इंजिनिअर आला होता. बाईंच्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क गेलेली, लेखा शाखेतल्या पीसीचा मदरबोर्ड जळलेला. पोरगा हुशार. दोन मेलेल्यांतून त्यानं एक जिवंत केला: बाईंचा बोर्ड लेखाच्या कॅबिनेटमध्ये बसवला आणि बाईंना स्टोअरमधला दुसरा पीसी दिला. कॅबिनेटवर पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेला डेड स्टॉकचा नंबर जिथल्या तिथे राहिला. शीट जिथल्या तिथे राहिली. मॅक मात्र बोर्डाबरोबर जिना चढून वर गेला. तिथे कोणीतरी पेनड्राइव्हवरून फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं आणि त्याच्या पोटातून तो कचरा निघत होता.

बाईंची माफी कोणी मागितली नाही. मेमो मागे घेण्याचा नमुना आमच्याकडे नाही, देण्याचा आहे.

तर हा मॅक. नेटवर्कला जोडणाऱ्या प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा क्रमांक असतो, तो बारा अक्षरांत लिहितात, आकडे आणि ए ते एफ मिळून. पहिली सहा अक्षरं कंपनीची, ती आयट्रिपलई ही संस्था वाटून देते. पुढची सहा कंपनी आपल्या हिशेबानं एकेका कार्डावर घालते, म्हणजे एका वाट्यात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ कार्डं. या बारा अक्षरांत टेबल नाही, शाखा नाही, माणूस नाही. गावाकडे आता गुरांच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारतात, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की गुराचा कान काढून दुसऱ्या गुराला लावता येत नाही. आमच्याकडे तो एएमसीच्या दरात लावून मिळतो.

गंमत अशी की ज्यांनी हा क्रमांक मांडला त्यांच्या मनात कार्ड नव्हतंच. झेरॉक्समधले योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ साली यावर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'होस्ट नंबर' हे शब्द आहेत. (दलाल आपल्या पवईच्या आयआयटीतून शिकून गेलेले. ही माहिती आमच्या साहेबांना दिली तर त्यांनी विचारलं, मग शीट बरोबर असणार ना?) त्यांचं म्हणणं असं की क्रमांक यंत्राचा, ते यंत्र दोन नेटवर्कांना जोडा, तीनला जोडा, क्रमांक एकच राहील. सन मायक्रोसिस्टम्सनं हाच अर्थ धरला. सनच्या यंत्रात दोन कार्डं घातली तरी दोन्ही एकाच मॅकनं बोलत, कारण मॅक कार्डावरून न घेता यंत्राच्या मुख्य बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधून घेतला जाई. आणि बोर्ड बदलायची वेळ आली की ती चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर लावायची, अशी सूचना दुरुस्तीच्या पुस्तकातच असे. बोर्ड गेला तरी ओळख यंत्राकडेच राहायची. आमच्या एएमसीवाल्या पोराच्या हाती ते पुस्तक पडलं असतं तर बाईंची सर्व्हिस शीट कोरी राहिली असती.

त्या काळात मॅकवरून नाव काढण्याची एक साधी सोयही होती आणि तिला अर्थ होता. सनच्या डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनना सुरू होताना स्वतःबद्दल एवढंच ठाऊक असे, ते बारा अक्षरांचं. ना नाव, ना आयपी. अनाथ पोर गावात यावं आणि चावडीवर उभं राहून विचारावं की मी कोणाचा, तसं ते यंत्र नेटवर्कवर ओरडून विचारी. जून १९८४च्या आरएफसी ९०३ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात स्टॅनफर्डच्या मंडळींनी या ओरडण्याला शिस्त लावली, तिचं नाव रार्प. उत्तर देणारा सर्व्हर 'ईथर्स' नावाची एक फाइल उघडे. एका ओळीत एक मॅक आणि एक नाव, बस. मॅकवरून नाव, मग 'होस्ट्स' फाइलमध्ये नावावरून आयपी, आणि तो त्या पोराच्या हातात. फाइल रोज वापरात होती, आणि चुकली की यंत्र सुरूच होत नसे. म्हणून ती दुरुस्त राही. चुकीची शिक्षा ताबडतोब आणि चूक करणाऱ्यालाच.

आमची शीट चुकली तर कोणाचंच काही अडत नाही. सगळे पीसी सुरू होतात, सगळे कामाला लागतात, शीट कपाटात पडून राहते आणि वर्षातून एकदा तिच्यावर शिक्का बसतो. जी नोंद चुकल्यानं काहीच बंद पडत नाही ती चुकणारच. हे सांगायला संगणकशास्त्र लागत नाही, रेशन कार्डावरची मेलेली माणसं मोजली तरी पुरे.

आता कोणी म्हणेल, सातबारा तरी वेगळा काय आहे? तोही कागदच. नाही महाराज, सातबाऱ्याचा अपमान करू नका. सातबाऱ्याच्या मागे गाव नमुना सहा असतो, फेरफार नोंदवही. जमीन विकली, बाप गेला, वाटणी झाली, की फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकत घ्यायला मुदत असते, मगच नाव चढतं. तलाठ्याला शिव्या घालणारे आपण सगळे, पण तलाठ्याला हे शतकानुशतकं कळलेलं आहे की जमीन आणि माणूस यांचं नातं बदलतं, म्हणून नात्याला तारीख लागते. आमच्या शीटला फेरफार नाही. तारखेचा रकाना नाही. हे कोणी बघून लिहिलं, कुठून बघितलं, केव्हा बघितलं, काही नाही. जमिनीचा तुकडा निदान हलत तरी नाही. मॅक जिना चढतो.

आणि नुसता जिना नव्हे. लॅपटॉप घ्या. वायरीचं कार्ड एक, वायफायचं दुसरं. आता पातळ लॅपटॉपना वायरीची खाचच नसते, म्हणून डॉंगल किंवा डॉक, त्याचा मॅक तिसरा. आमच्याकडे मीटिंग हॉलमध्ये एक डॉक टेबलाला कायमचं चिकटवलेलं आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यावर चार अधिकारी बसतात, चौघांचे लॅपटॉप वेगळे, मॅक मात्र डॉकचा. शीटमध्ये त्या मॅकपुढे ज्यांनी पहिल्या दिवशी उद्घाटन केलं त्यांचं नाव आहे. ते गृहस्थ बदली होऊन गेले. शीटच्या मते ते अजून रोज हॉलमध्ये बसतात.

उलटही होतं. सर्व्हरवर चार आभासी यंत्रं चालतात, चारींना आपापला मॅक, आणि तो कुठल्या कारखान्यात कोरलेला नसून सॉफ्टवेअरनं तिथल्या तिथे घडवलेला. हायपर-व्हीचा असेल तर सुरुवात ००-१५-५डी. अशा यंत्राची फाइल कोणी शहाण्यानं तशीच्या तशी नक्कल करून दुसऱ्या सर्व्हरवर चालवली की एकाच मॅकची दोन यंत्रं एकाच नेटवर्कवर येतात आणि स्विच वेडा होतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिलेला 'आर्पवॉच' नावाचा एक जुना प्रोग्रॅम आहे, तो कुठला आयपी कुठल्या मॅककडे गेला यावर नजर ठेवतो आणि फेरबदल दिसला की मेल टाकतो. एकच आयपी दोन मॅकांमध्ये येरझाऱ्या घालू लागला की त्याच्या मेलचा विषय असतो 'फ्लिप फ्लॉप'. आमच्या सगळ्या कारभाराला याहून चांगला मथळा मला सुचलेला नाही.

मॅक बदलतच नाही, तो कार्डात कोरलेला असतो, हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं, ट्रेनिंगमध्ये दिलं, आणि ते तेव्हाही थाप होती. डिजिटल कंपनीची डेकनेट ही व्यवस्था ऐंशीच्या दशकात कार्डाचा कारखान्याचा मॅक खुशाल बाजूला सारून स्वतःचा घालायची, एए-००-०४-०० नं सुरू होणारा आणि पुढे डेकनेटमधला पत्ता. प्रमाणातच त्याची सोय होती: पहिल्या बाइटमधला एक बिट उभा केला की तो मॅक 'स्थानिक', म्हणजे कंपनीनं दिलेला नव्हे. ओळखायची खूण सोपी: दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर समजावं की हा घरी घडवलेला आहे. आमच्या शीटमध्ये असे एकवीस निघाले. एकवीस जणांचा 'कायमचा' पत्ता मी सही करून ऑडिटला दिला होता, आणि त्यातला एकही कुठल्याच कारखान्यात जन्मलेला नव्हता.

कारण मोबाइल. अ‍ॅपलनं २०१४ साली, आयओएस ८ पासून, वायफाय शोधताना खोटा मॅक दाखवायला सुरुवात केली. अँड्रॉइड १० नं २०१९ मध्ये जोडणीसाठीसुद्धा नेटवर्कागणिक वेगळा मॅक हाच रिवाज केला, आणि २०२० मध्ये आयओएस १४ नं तेच केलं. का केलं? दुकानदार आणि मॉलवाले खिशातल्या फोनचा मॅक टिपून गिऱ्हाईक कुठे फिरलं, किती वेळ थांबलं हे मोजू लागले होते म्हणून. म्हणजे ज्या कारणानं आम्हाला मॅक आवडतो त्याच कारणानं जगाला तो नकोसा झाला. आमचे साहेब यावर म्हणाले, "सगळ्यांना ते सेटिंग बंद करायला सांगा, परिपत्रक काढा." परिपत्रक निघालं. शिपायानं ते वाचून सर्वांत आधी माझा फोन तपासला. चालू होतं.

इथे एक विनोद मात्र निसर्गानंच करून ठेवलाय. फोन आपला क्रमांक लपवतो, पण अनेकदा डीएचसीपीकडे आयपी मागताना आपलं नाव स्वतःहून सांगतो: अमक्याचा फोन, तमकीचा आयपॅड. मार्च २०१७ चा आरएफसी ८११७ याच सवयीला घातक म्हणतो, शीर्षकातच. तोंडावर फडकं बांधायचं आणि छातीवर नावाचा बिल्ला लावून फिरायचं, असा हा प्रकार. आणि हे नाव यंत्र स्वतःच सांगतं, तेव्हा त्यावर विश्वास किती ठेवायचा तेही तुम्हीच ठरवा. मी माझ्या लॅपटॉपचं नाव एकदा आठवडाभर 'मुख्य लेखाधिकारी' असं रोमनमध्ये ठेवून पाहिलं. कोणी ओरडलं नाही. विंडोजच्या जुन्या पद्धतीत नावाला १५ अक्षरांची मर्यादा असते, म्हणून ते शेवटी 'मुख्यलेखाध' इथेच कापलं गेलं, आणि तेवढ्यावरच एका कनिष्ठानं मला दोन दिवस नमस्कार केला.

मॅकवरून नाव काढतात तरी कसं, ते बघा. ईथर्ससारखी फाइल नसेल तर थेट असा रस्ताच नाही. आर्प आहे, डेव्हिड प्लमरनं नोव्हेंबर १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्ये मांडलेला, पण तो आयपीवरून मॅक सांगतो, नावाशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून आम्ही काय करतो, तर स्विचच्या मॅक टेबलातून पोर्ट, राउटरच्या आर्प टेबलात मॅक उलटा शोधून आयपी, डीएचसीपीच्या लीजमधून तो आयपी कोणाला दिला ते, आणि डीएनएसच्या उलट्या नोंदीतून नाव. चार साक्षीदार. आता साक्षीदारांची स्मरणशक्ती ऐका. स्विचचं टेबल साधारण ५ मिनिटांत विसरतं. सिस्कोच्या राउटरचं आर्प टेबल ४ तास धरून ठेवतं. विंडोजच्या डीएचसीपीची लीज मुळात ८ दिवसांची. आणि विंडोजच्या डीएनएसमधल्या शिळ्या नोंदी झाडायची सोय आहे खरी, पण ती आपण चालू केल्याशिवाय चालत नाही. बहुतेक कचेऱ्यांत कोणीच ती चालू केलेली नसते, त्यामुळे तो साक्षीदार अमर आहे. पाच मिनिटं, चार तास, आठ दिवस आणि चिरंजीव, या चौघांच्या जबान्या एका ओळीत चिकटवायच्या आणि खाली सही ठोकायची. कोर्टात असला पंचनामा कोणी सादर केला तर न्यायाधीश पंचांनाच आत टाकतील.

शिवाय या चौघांची लिपीही एक नाही. विंडोज मॅक लिहिताना मध्ये आडव्या रेघा देतं, लिनक्स विसर्ग देतं, सिस्को चार-चार अक्षरांचे तीन तुकडे करून टिंब देतं. जुन्या युनिक्सचे प्रोग्रॅम सुरुवातीचं शून्यच खातात, ०८:००:२० ऐवजी ८:०:२०. चार ठिकाणची माहिती एक्सेलमध्ये ओतून 'व्हीलुकअप' लावला की निम्म्या ओळी जुळत नाहीत. मग कोणीतरी सगळी टिंबं-रेघा उडवून नुसती बारा अक्षरं ठेवायची शक्कल काढतं. तिथे एक्सेल टपलेलंच असतं. बारा अक्षरांत निव्वळ आकडे असतील तर सुरुवातीची शून्यं गायब. आणि शेवटच्या दोन आकड्यांआधी एकच ई, बाकी सगळे आकडे, असा मॅक आला तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून खगोलशास्त्रातला आकडा बनवून टाकतं. आमच्या शीटमध्ये नेमका असा एक होता. साहेबांच्या पीसीचा. तीन ऑडिट झाली, कोणाला दिसलं नाही. तीन ऑडिटमध्ये शीट किती बारकाईनं वाचली गेली याचा एवढा चांगला पुरावा मला दुसरा मिळाला नाही.

खरी चीड मला या शीटची नाही, तिच्या नावानं चालणाऱ्या सुरक्षेची आहे. 'मॅक बाइंडिंग केलंय' हे वाक्य आपल्याकडे दाराला कडी लावल्यासारखं उच्चारलं जातं. शीटमध्ये ज्याचा मॅक आहे त्यालाच आत घ्यायचं, बाकीच्यांना नाही. पण मॅक हवेत उघडा फिरत असतो. वायफायवर पासवर्ड असला, मजकुराला कुलूप असलं, तरी कोण कोणाशी बोलतंय ते मॅक पाकिटावर उघडेच लिहिलेले असतात, नाहीतर पाकीट पोचणार कसं? जवळ बसून ऐकायचं, यादीतला एक मॅक टिपायचा, आणि आपल्या कार्डाला तोच लावायचा. एक आज्ञा, दोन सेकंद. हे काही हॅकरांचं गुपित नाही. केबलवाल्याकडून इंटरनेट घेणाऱ्या घराघरांत हे माहीत आहे: तो सांगतो की कनेक्शन तुमच्या मॅकला बांधलंय, राउटर बदलला तर फोन करा. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये चक्क 'क्लोन मॅक' असं बटण असतं, कारण फोन करून वाट बघण्यापेक्षा तो जुना मॅक नव्या राउटरला लावणं सोपं. ज्या कुलपाची किल्ली कुलुपावरच कोरलेली आहे, आणि जिची नक्कल करायचं बटण राउटरबरोबर फुकट मिळतं, त्या कुलपाच्या भरवशावर आम्ही ऑडिटच्या तक्त्यात 'होय' असा टिक करतो. सावध माणसाला या कुलपाचा काहीच त्रास नाही. त्रास आवक-जावकच्या बाईंना.

यावर नेहमीचा प्रश्न येतो. मग काय, मॅक आणि नाव जोडूच नये? जोडा की. प्रिंटरला जोडा. हजेरीच्या मशीनला जोडा, कॅमेऱ्यांना जोडा. ती यंत्रं भिंतीला ठोकलेली असतात, त्यांच्यावर कोणी बसत नाही, त्यांना दुसरी ओळख सांगताही येत नाही. पण ती जोडणी डीएचसीपी सर्व्हरवरच ठेवा, आरक्षण म्हणून, म्हणजे ती चुकली की प्रिंटर त्याच दिवशी बोंबलेल आणि नोंद दुरुस्त होईल. सनच्या ईथर्स फाइलसारखी. 'डीएनएसमास्क' नावाचा छोटासा प्रोग्रॅम तर आजही तीच जुनी ईथर्स फाइल वाचून तेच करतो. एक फाइल, एक जागा, आणि ती रोज कामाला जुंपलेली.

माणसं बसतात त्या यंत्रांचं वेगळं. तिथे यंत्रानं आपली ओळख पुराव्यानं पटवावी. ८०२.१एक्स ही पद्धत याच शतकाच्या सुरुवातीची आहे, यंत्राला प्रमाणपत्र द्यायचं, ते दाखवल्याशिवाय स्विचनं पोर्ट उघडायचा नाही. मग बोर्ड जिना चढू दे, डॉक कोणीही वापरू दे, प्रमाणपत्र यंत्राच्या डिस्कवर असतं आणि ओळख त्याच्याबरोबर जाते. पैसे लागतात, मान्य. मेहनत लागते, तेही मान्य. आमच्याकडे अडीचशे पीसी आहेत आणि त्यातले काही इतके जुने आहेत की त्यांना प्रमाणपत्रापेक्षा पेन्शन द्यावी. पण तेवढं जमत नसेल तर निदान शीट फेकून नोंदी ठेवा. शीट आणि नोंद यांत फरक आहे. शीट म्हणते, हा मॅक बाईंचा आहे. नोंद म्हणते, अमुक तारखेला रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हा मॅक वरच्या मजल्यावरच्या स्विचच्या सतराव्या पोर्टवर होता, आणि डीएचसीपीनं त्याला हा आयपी दिला. त्या नोंदीत माणूस नाही, म्हणून ती माणसाला फासावर देत नाही. माणूस शोधायचा तर केबल धरून चालत जावं लागतं.

आणि कायदा तरी काय मागतो? सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश काढून वाचा. नोंदी १८० दिवस भारतातच जपून ठेवा, ठरवून दिलेल्या घटना ६ तासांत कळवा, आणि घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवा. घड्याळं! सरकारी कागदानं घड्याळावर जोर दिला, कारण दोन यंत्रांच्या नोंदी जोडायच्या तर पहिला प्रश्न हाच की तेव्हा किती वाजले होते. आमच्या चार रकान्यांत वेळ कुठेही बसत नाही. आमच्या एका स्विचचं घड्याळ तर मी ते निर्देश वाचल्यावर पहिल्यांदा बघितलं. त्याच्या मते तेव्हा १९९३ साल चालू होतं.

बाई गेल्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. शाल, नारळ, समूहछायाचित्र. मेमो अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे, मी जाऊन बघितला. खुलाशाच्या कागदावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय की 'सदर मॅक मी कधीही हाताळलेला नाही.' त्या सगळ्या फाइलमध्ये तांत्रिकदृष्ट्या बिनचूक असं ते एकच वाक्य आहे.

या महिन्यात पुन्हा पत्र आलं. सर्व संगणकांची माहिती विहित नमुन्यात सादर करावी, रकाने तेच चार. मी या वेळी पाचवा रकाना घातला, 'दिनांक व वेळ', आणि सहावा, 'कोठून पाहिले'. दोन दिवस रॅकपाशी बसून अडीचशे ओळी स्विचवरून भरल्या आणि शीट पाठवली. काल ती परत आली. वर शेरा होता: 'नमुन्यात परस्पर बदल करू नये. जादा रकाने काढून मागील वर्षीच्या यादीप्रमाणे सादर करावे.'